हायब्रिड गाडीचे ब्रेक: बॅटरीचा दोष, बिल अख्ख्या युनिटचं

घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजने जुन्या कॅमरी हायब्रिडच्या मालकाकडून ‘ब्रेकचं युनिट (ब्रेकच्या तेलाचा दाब तयार करणारा भाग) गेलं’ म्हणून १ लाख ४० हजार घेतले. ब्रेक, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), व्हीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) हे तिन्ही दिवे एकदम लागले होते, माणूस घाबरला. स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड होता सी१२४१, म्हणजे व्होल्टेज कमी. काही हजारांची १२ व्होल्टची बॅटरी बदलून काम झालं असतं.

या गाड्यांत पेडलचा जोर सरळ कॅलिपरला, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला, जात नाही. पेडल किती दाबलं ते कम्प्युटर पाहतो, थोडा वेग विजेच्या मोटरकडून उतरवून घेतो आणि उरलेलं काम तेलाच्या दाबावर सोपवतो. तो दाब विजेचा पंप तयार करतो, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबाच्या टाकीत, साठवतो. म्हणून ही छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली की ब्रेकचे दिवे पेटतात. रात्रभर उभ्या गाडीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी बदला, कोड पुसा, मग पुढचं बोला.

युनिट खरंच जातंही. कोड बहुधा सी१३९१, सी१२५६ किंवा सी१२५२ असतो. शांत पार्किंगमध्ये गाडी सुरू करून ‘रेडी’ दिवा लागू द्या, मग पेडलला पाय लावू नका. पंप काही सेकंद घरघरून गप्प बसला पाहिजे. पाय न लावताही तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल तर दाब आतल्या आत गळतोय. बाहेर तेलाचा थेंबही दिसणार नाही. अशी गाडी चालवू नका, टो करा.

दुसरी लबाडी इथेच होते. भंगारातलं युनिट स्प्रेने चकाचक करून नवं म्हणून बसवतात. पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेला सीलबंद खोका तुमच्यासमोर उघडायला लावा, जुना पार्ट परत मागा. बसवल्यावर ब्रेकच्या तेलातली हवा काढायला स्कॅनर लागतो. नुसतं पेडल मारून काढली तर आत हवा राहते, पेडल मऊ लागतं.

‘हायब्रिडचे पॅड लवकर झिजतात’ हेही खोटं. मोटर वेग उतरवते, त्यामुळे ते जास्तच टिकतात. आपल्या दमट हवेत अडकतात त्या कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना, आणि साफ करून ग्रीस लावलं की बहुतेक वेळा मोकळ्या होतात.

काम सुरू होण्याआधी कोडची प्रिंट आणि लेखी एस्टिमेट घ्या, पैसे पक्क्या जीएसटी बिलावरच द्या. फसवणूक झालीच तर १९१५ वर तक्रार नोंदवा. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.