ॲडमिरल्स आर्च: सील बघायला पूर्ण खाली उतरा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केप द्यू कुएदिकच्या दीपगृहाखाली ही खडकाची नैसर्गिक कमान आहे. बेटावर एकच ठिकाण बघण्याइतका वेळ असेल, तर इथेच यावं.

गाडीतळापासून बोर्डवॉक (फळ्यांची पायवाट) कड्याला वळसा घालत पायऱ्यांनी खाली जातो. बरेच जण वरच्या कठड्यावरूनच नजर टाकतात आणि ‘सील नाहीतच’ म्हणून परततात. भिजलेला सील आणि ओला कातळ एकाच रंगाचे दिसतात, म्हणून एका जागी पाच मिनिटं थांबून हालचाल शोधायची. दुर्बीण हवीच. गुडघे दुखत असतील तर वरूनही सील दिसतात, पण कमान मात्र खाली उतरल्याशिवाय दिसत नाही. माथा चुनखडीचा आणि पायाचा खडक त्याहून कितीतरी जुना व टणक, त्यामुळे लाटांनी वरचा मऊ थर पोखरला आणि खालचा टिकला. छताला चुनखडीचे सुळके लोंबतात.

हे लांब नाकाचे फर सील. पिल्लं साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मतात. आई मासे धरायला समुद्रात गेली की ती कमानीखालच्या डबक्यांत जमतात, एकमेकांच्या मानेला चावतात, घसरतात, पुन्हा चढतात. पाण्यात आडवा पडून एक पर (वल्ह्यासारखा पाय) वर धरलेला सील दिसला, तर तो दुखापतीने तसा पडलेला नसतो. शरीराचं तापमान सांभाळण्याची ती त्याची रीत आहे. उन्हाळ्यात नर हद्दीवरून भांडतात आणि वासही उग्र येतो. कठड्याबाहेर पाऊल टाकू नका. (बेटावरचंच सील बे वेगळं: तिथे सी लायन, म्हणजे सीलसारखेच दिसणारे दुसरे प्राणी, असतात आणि तिकीटही वेगळं.)

फोटोत सील काळेठिक्कर येतात, कारण मागचं आकाश फार उजळ असतं. फोनवर सीलवर बोट ठेवून प्रकाश वाढवा. उजेड दुपारनंतर चांगला, पण अंधार पडायच्या आत निघा. सांजवेळी रस्त्यावर कांगारू आणि वॉलबी (लहान कांगारूसारखे प्राणी) येतात, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात रात्री चालवण्यावर अट असू शकते.

मुख्य भूमीवरच्या केप जर्विसहून बेटावरच्या पेनेशॉला फेरीने पाऊण तास, पुढे गाडीने दोन तासांच्या वर. ॲडलेडहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहलीत इथे फार थोडा वेळ मिळतो. बेटावर एक मुक्काम करा. कमान फ्लिंडर्स चेस उद्यानात आहे, त्याचं प्रवेशशुल्क आधीच ऑनलाइन भरा आणि टोपी बांधता येईल अशीच न्या, वारा जोरदार असतो.