दिवाळी ते दसरा: बांधावरच्या ट्रेल कॅमेऱ्याचा हिशोब

उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यामुळं कुठलीही नवी वस्तू घरात आली की आधी ती उघडून बघायची खोड. हा ट्रेल कॅमेराही, म्हणजे झाडाला बांधायचा आणि समोर जनावर हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, आणल्या आणल्या उघडला. वॉरंटीचं स्टिकर फाटलं तशी बायको म्हणाली, "झालं. साडेनऊ हजार गेले." गेले नाहीत, अजून चालू आहे. पण आतलं रबरी गॅस्केट बघून तेव्हाच कळलं होतं की हे आमच्या पावसासाठी केलेलं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हेच खोकं चार वेगळ्या नावांनी विकायला आहे, रंग आणि पट्टा तेवढा बदलतो. एकाला शिव्या घालून दुसऱ्याचा धंदा का वाढवा?

घेतला कशासाठी ते सांगतो. मेव्हण्याचं शेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या बाजूला. मध्ये एक ओढा, ओढ्यापलीकडं राधानगरी अभयारण्य. दाजीपूरच्या जंगलाला गव्यांसाठी 1958 साली संरक्षण मिळालं, 1985 मध्ये वाढवून ते 351 चौरस किलोमीटरचं अभयारण्य केलं, 2012 ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीतही गेलं. गव्याला यातलं काही कळवलेलं नाही, तो ओढा ओलांडून येतो. मेव्हण्याची मात्र वेगळीच तक्रार होती. रताळ्याचे वाफे कोणीतरी रात्रीत उकरत होतं. सगळा गाव म्हणे डुक्कर. डुकरासाठी झटका मशीन बसवायचं तर तारेसकट मोठा खर्च. म्हटलं, आधी चोर तर बघू.

चौथ्या रात्री सापडला. साळिंदर. काटे फुलवून, कॅमेऱ्याकडं पाठ करून, निवांत रताळं खात बसलेलं. डुकराच्या उंचीला ओढलेल्या तारेखालून ते सहज गेलं असतं. मेव्हण्यानं वाफ्याभोवती पत्रा अर्धा हात जमिनीत पुरून उभा केला, विषय संपला. कॅमेऱ्याचे पैसे तिथंच वसूल झाले. पुढचं सगळं माझ्या हौसेचं.

आता यंत्राबद्दल. खोक्यावर छत्तीस मेगापिक्सेल छापलंय, त्यावर जाऊ नका. आतला सेन्सर लहान आहे, बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअर फुगवून देतं. मी आठवर ठेवला. फोटोत फरक दिसला नाही, कार्ड मात्र चौपट टिकलं. "0.3 सेकंदांत ट्रिगर" हाही कागदावरचा आकडा. कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, कळप वाटेवरून गेला तेव्हा माझ्या वाट्याला एक शेपूट आलं, झुपकेदार आणि टोकाला काळं. चूक निम्मी माझी होती. मी कॅमेरा वाटेला काटकोनात लावला होता. वाटेकडं तिरपा लावला की जनावर जास्त वेळ चौकटीत राहतं.

हे यंत्र जनावर बघत नाही, उष्णता बघतं. पुढं काच दिसते ना, तिच्याखाली पांढरट प्लास्टिकची फुगीर टिकली असते, तिच्यामागं हा सेन्सर. आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू हलली की तो जागा होतो. म्हणून भेकर दिसतं, बेडूक दिसत नाही. बेडकाचं अंग भोवतालच्या मातीइतकंच गार. सापाचंही बहुतेक वेळा तसंच. शेकरू तर वरच्या फांद्यांवरून जातं, खाली कॅमेरा ठेवून त्याची वाट बघणं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला तळघरात शोधणं. बेडूक आणि रातकिडे यांच्यासाठी अभ्यासक आवाज टिपणारी छोटी यंत्रं लावतात. तेव्हा "जंगलात काय काय आहे ते कळेल" म्हणून हा घेणार असाल तर अर्धं जंगल यात येतच नाही हे आधी समजून घ्या.

गवत मात्र येतं. पहिले पंधरा दिवस मी कॅमेरा पूर्वेकडं तोंड करून, कमरेच्या उंचीवर, गवताच्या पुढ्यात लावला होता. सकाळचं ऊन गवतावर पडलं, वारा सुटला, की खटाखट फोटो. चार हजारांवर फोटो, सगळे गवताचे. नंतर उत्तरेकडं वळवला, गुडघ्याइतका खाली आणला, समोरचं गवत विळ्यानं साफ केलं. मग कुठं माणसात आला.

दिवाळी ते दसरा मिळून 14,212 फोटो. त्यात जनावर असलेले 611. तेविसात एक. मेव्हणा हसला, म्हणाला, "दाजी, बाकीच्यात काय भुतं हायत का?" त्याला मी देशातल्या वाघ मोजणीचा आकडा सांगितला. 2018 च्या मोजणीत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते, गिनीज बुकात नोंद झाली त्याची. एकूण फोटो 3 कोटी 48 लाखांवर. वाघाचे किती? 76,651. म्हणजे साडेचारशेत एक. तिथं तर कॅमेरे जोडीनं, समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या उजव्या कुशीवरचे पट्टे डाव्या कुशीसारखे नसतात, दोन्ही बाजू लागतात. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, म्हणून मोजता येतो.

गव्याचं तसं नाही. आमच्याकडं गव्याचे 188 फोटो निघाले आणि गावात बातमी झाली की दाजींच्या कॅमेऱ्यात दोनशे गवे आलेत! एकच गवा समोर उभा राहून मान हलवत असेल तर त्याचे वीस फोटो निघतात. अर्ध्या तासाच्या आत त्याच जातीचं जनावर पुन्हा आलं तर ती एकच नोंद धरायची, अशी अभ्यासकांची रीत आहे. त्या हिशोबानं 188 फोटोंच्या 23 भेटी झाल्या. आणि 23 भेटी म्हणजेसुद्धा 23 गवे नव्हेत. किती आले हे मला सांगता येणार नाही, कधी कधी आले ते सांगता येईल. भात पिवळं पडायला लागल्यावर जास्त, पहाटे दोन ते चार.

हे "कधी" जपायचं तर घड्याळ बरोबर पाहिजे, आणि या कॅमेऱ्याचा सगळ्यात वाईट दोष तिथंच आहे. सेल बदलले की तारीख मूळपदावर जाते, 1 जानेवारी, मध्यरात्र. पडद्यावर काही सूचना येत नाही. मला कळेपर्यंत बावीस दिवसांच्या नोंदी जानेवारीत जमा झाल्या होत्या, त्यात दुपारी बारा वाजता काळोखात फिरणारा बिबट्याही होता. आता सेल घातले की पहिला फोटो माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा काढतो, मागं तारखेची पाटी धरून. आत बटन सेलची जागा करून घड्याळ चालू ठेवायला कारखान्याला पाच-दहा रुपये लागले असते. तेवढ्यासाठी एक गुण कापला.

दुसरी गोष्ट सेलची. पडद्यावर साठ टक्के दाखवतो आणि रात्रीचे फोटो काळे येतात. मल्टिमीटर लावून बघितलं. दिवसा यंत्र फारसा करंट ओढत नाही, रात्री इन्फ्रारेड दिव्यांची पट्टी पेटली की साध्या अल्कलाइन सेलचं व्होल्टेज धाडकन बसतं. चार्ज होणारे चांगले निकेल मेटल हायड्राइड सेल घाला, व्होल्टेज थोडं कमी पण शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्थिर. लागतात आठ. एकदाच पैसे जातील.

दिवे पेटले की बारीक लाल ठिपका दिसतो. शेजारच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "त्या जांभळीवर लाल डोळा कशाचा लावलाय?" मग मला जाग आली. ती वाट त्यांचीही आहे, पहाटे सरपणाला त्या तिथूनच जातात. त्यांचे आणि त्यांच्या सुनेचे नऊ फोटो निघाले होते. त्यांच्यासमोर पुसले, झाडावर पाटी लावली आणि वाडीत घरोघरी जाऊन सांगितलं. हे कॅमेरा लावायच्या आधी करायला पाहिजे होतं. आणि अभयारण्याच्या हद्दीत कॅमेरा लावायचा तर वनविभागाची परवानगी लागते, हौस म्हणून ओढा ओलांडू नका. माझा मेव्हण्याच्याच बांधावर आहे.

पावसाळा. आमच्याकडं पाऊस मीटरात मोजायचा. "वॉटरप्रूफ" लिहिलेला कॅमेरा जूनच्या शेवटी आतून घामेजला, काचेवर धुकं. सिलिका जेलच्या पुड्या दोन दिवसांत ओल्या. गॅस्केट काढून दुकानातली जाड ओ-रिंग बसवली, सांध्यावर सिलिकॉन भरलं, वर पत्र्याची छपरी रिव्हेट केली. त्यानंतर पाणी आलं नाही, मुंगळे आले. मायक्रोफोनच्या भोकातून शिरून आत अंडी घातली. ते भोक एम-सीलनं बुजवलं, आवाज गेला, जाऊ दे. श्रावणात एका गव्यानं अंग घासून पट्टा तोडला. शेवटचा फोटो नुसत्या ओल्या नाकपुडीचा आहे, घरात सगळ्यात आवडलेला तोच.

या दुरुस्त्यांत कॅमेरा एकूण एकोणीस दिवस बंद होता. ते दिवस वहीत वेगळे लिहिलेत. जनावर आलं नाही आणि कॅमेरा बंद होता, या दोन गोष्टी फोटोंत सारख्याच दिसतात, वही नसेल तर. तज्ज्ञांनाही हीच अडचण मोठ्या प्रमाणात येते. जगभरातल्या 15 संरक्षित उष्णकटिबंधीय जंगलांत वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं कॅमेरे लावून 244 जातींचा अभ्यास झाला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका जंगलातली एक जात म्हणजे एक समूह धरला, तर 22 टक्के समूहांचा वावर घटलेला निघाला, 17 टक्क्यांचा वाढलेला, आणि 39 टक्के इतके क्वचित दिसले की वाढ-घट काही सांगताच आलं नाही. एवढे कॅमेरे लावून ही गत, मग माझ्या एकावरून "आपल्याकडं बिबटे वाढलेत" असं कोणी म्हणू नये. व्हॉट्सॲपवर म्हणून झालंय, तो भाग वेगळा.

पिसोरीचे तीन फोटो मिळाले. सशाएवढं, हरणासारखं जनावर, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. मेव्हणा पन्नास वर्षं त्या शिवारात राहतोय, त्यानं ती कधी बघितली नव्हती. ते फोटो वनरक्षकाला दाखवले, बाहेर कुठं टाकले नाहीत. ठिकाण कळलं की फासे लावणारे पोचतात.

गुण पाचपैकी तीन. ज्याला रबर, सिलिकॉन आणि मल्टिमीटर हाताळता येतो त्यानं साडेतीन धरावेत. ज्याला नुसतं झाडाला बांधून विसरायचंय त्यानं घेऊ नये. पुढच्या आठवड्यात तो तुटका पट्टा बदलून गाडीच्या सीटबेल्टचा घालणार आहे. दुकानात दोन पडून आहेत.