नवा प्लग पॉइंट: जवळच्या बोर्डातून लूप की डीबीपासून स्वतंत्र लाइन?

खोलीत प्लग पॉइंट कमी पडला की तीन पर्याय असतात: एक्स्टेंशन बोर्ड, शेजारच्या बोर्डातून लूप (तिथलीच वायर पुढे नेणं), किंवा डीबीपासून, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात त्या पेटीपासून, स्वतंत्र लाइन. निवड करताना पॉइंट कुठे हवा यापेक्षा त्यावर काय चालणार, हे आधी बघा.

एक्स्टेंशन बोर्ड चार दिवसांच्या कामापुरता. त्याची वायर गालिच्याखाली किंवा वेटोळ्यातच राहिली, तर उष्णता कोंडते.

लूपला खर्च कमी, भिंतही फारशी फोडावी लागत नाही. चार्जर, राउटर, टेबल लॅम्प यांच्यासाठी मी लूपच सुचवेन. पण सॉकेट वाढले म्हणून भिंतीतल्या वायरची ताकद वाढत नाही. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर साधारण ८.७ अँपिअर करंट घेतो. त्याच लूपवर इस्त्री लावली की दोघांचा भार त्या एकाच वायरवर येतो. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, आणि ती सगळ्यात आधी सैल स्क्रूपाशी जाणवते. सॉकेट काळवंडला किंवा करपल्याचा वास आला, तर नुसता सॉकेट बदलू नका. करपलेली वायरही चांगलं तांबं लागेपर्यंत कापावी लागते.

गीझर, ओव्हन, एसी यांना स्वतंत्र लाइनच द्या. खर्च आणि धूळ दोन्ही जास्त, तरीही. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा (बंद होणारा) स्विच, वायरच्या जाडीप्रमाणे निवडायचा. तो वारंवार पडतो म्हणून मोठा बसवणं फार धोक्याचं, कारण मग एमसीबी पडायच्या आत वायर जळू शकते. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लागतो.

काम स्वतः करायचं का? नवी लाइन आणि लूप वायरमनवरच सोपवा. आहे त्या जागी सॉकेट बदलणं, नियमांत बसत असेल आणि हाताला सवय असेल तरच. त्या लाइनचा एमसीबी बंद करण्याआधी टेस्टर चालू पॉइंटवर लावून बघा, मग बंद केलेल्या पॉइंटवर, आणि पुन्हा दुसऱ्या एखाद्या चालू पॉइंटवर. बिघडलेला टेस्टरही ‘करंट नाही’ असंच दाखवतो. जुन्या बोर्डात अर्थची वायरच सापडली नाही, तर सॉकेटची अर्थची पिन न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला, तर उपकरणाच्या धातूच्या अंगातच वीज उतरते. तिथेच हात थांबवा आणि वायरमनला बोलवा.