पद्मिनीचा सोलेक्स: नवा न घेता जुनाच बांधला, उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा सोलेक्स कार्बोरेटर (इंजिनासाठी हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग) खोलून बांधून घेतला. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून पावसाळा लागला. गारठ्यातली सकाळ आणि जळगावचा मे महिना दोन्ही बघून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. तेव्हाच लिहिले असते तर नुसते कौतुक झाले असते.

तक्रारी नेहमीच्याच. सिग्नलला थांबलो की आयडलिंग वर-खाली, कधी गाडी आपोआप बंद. पाय दाबला की आधी एक झटका, मग पिकअप. आणि उन्हात थोडा वेळ उभी केली की परत चालू होताना नखरे. जो तो म्हणे, कार्बोरेटर संपला, नवा टाका. नवा म्हणजे अर्थात डुप्लिकेट. मी तो दुकानात हातात घेऊन उजेडाकडे धरला, तर बटरफ्लाय, म्हणजे आतली हवेची झडप, पूर्ण मिटलेली असूनही कडेने उजेड आत येत होता. जिथून उजेड येतो तिथून हवाही येणार, मग आयडलिंग लागणार कशी? दुसरा सल्ला मारुती 800 चा कार्बोरेटर बसवण्याचा. मधली प्लेट करून बसतो म्हणे. पण 796 सीसीच्या तीन सिलिंडरसाठी मोजलेले जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पुळ्या) आमच्या 1089 सीसीच्या चार सिलिंडरला जसेच्या तसे कसे पुरतील, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

शेवटी जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या एका मिस्त्री चाचांकडे गेलो. त्यांनी कार्बोरेटरला हातच लावला नाही. "भाऊ, आधी करंट पाहू, पेट्रोल मग." ठिणगी पाडणारे इग्निशनचे पॉइंट घासले, गॅप लावला, कंडेन्सर बदलला. तेवढ्यानेच मिसिंग निम्मे गेले. मग इंजिन चालू ठेवून थ्रॉटलच्या स्पिंडलवर (बटरफ्लाय जिच्यावर फिरते ती दांडी) बाहेरून क्लीनरचा फवारा मारला, तसा रेसचा आवाज लगेच बदलला. इंजिन बंद करून स्पिंडल बोटाने हलवून दाखवली तर कट्-कट् वाजत होती. दुखणे तिथे होते. झिजलेल्या भोकातून हवा आत जाते आणि मिक्स्चर पातळ पडते, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. किट (वॉशर, डायफ्राम वगैरेंचा संच) कितीही वेळा बदला, आयडलिंग लागत नाही. इतकी वर्षे मी किटांवर खर्च करत होतो आणि एकाही गॅरेजात कोणी ती स्पिंडल हलवून पाहिली नव्हती, याचा राग अजून जात नाही.

बॉडीला लेथवर पितळी बुश घातले. फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) तळाशी पांढरट, खडबडीत खरवड होती. जेट साफ करायला शेजारचा पोरगा वायरीतली तार घेऊन आला, तेव्हा चाचांनी त्याला बाजूला केले. जेट पितळेचे, मऊ. त्यावरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात; तारेने चार वेळा खरडले की आकडा तोच राहतो, भोक मात्र मोठे होते. हवेचा प्रेशर मारायचा, बस्स. या वाटीत पेट्रोल सोडणारा-अडवणारा नीडल व्हॉल्व्ह नवा टाकला आणि त्याखालच्या वॉशरच्या जाडीने फ्लोटची लेव्हल जमवली.

आता पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. हा विषय टाळून जुन्या कार्बोरेटरवर बोलता येत नाही. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 च्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर हेच मिश्रण पातळ पडते. आमचे प्लग पांढरे निघायचे, ती पातळ मिश्रणाचीच खूण. मेन जेट एक पायरी मोठा टाकल्यावर हवा तसा बिस्किटाचा रंग आला. वर इथेनॉल पाणी ओढते, जुने रबर फुगवते आणि टाकीत बसलेला गाळ सोडवून पुढे पाठवते. त्यामुळे पाईप फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांचा टाकला आणि पारदर्शक फिल्टर लावला. पहिल्या काही आठवड्यांत तो फिल्टर चहासारखा झाला.

हिवाळा झकास गेला. चोक ओढला, एक सेल्फ, गाडी चालू.

खरी परीक्षा मे महिन्यात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो आणि पेट्रोलमधले हलके घटक त्याच्याही आतच उकळायला लागतात. गाडी बंद केली की इंजिनची धग वर चढते, फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून खाली सांडते आणि इंजिन ओव्हर होते, म्हणजे जादा पेट्रोलने भिजून चालू होत नाही. यावर कार्बोरेटरच्या बुडाखाली बेकलाइटचा जाड इन्सुलेटर घातला. फरक ठळक पडला. गरम गाडी आता पाय पूर्ण दाबून, पंपिंग न करता सेल्फ मारला की उठते.

चाळीसगावला सासुरवाडी, म्हणून कन्नडच्या घाटातही नेली. वाहनांच्या रांगेत पहिल्या गिअरवर चढताना ती अडखळली आणि थांबली. बॉनेट उघडले तर फिल्टर रिकामा. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतच नव्हते. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या मेकॅनिकल पंपात आणि पाईपात वाफ धरली होती. इन्सुलेटरचा इथे काही उपयोग नाही. सौ.ने डिकीतला टॉवेल भिजवून दिला, तो पंपावर गुंडाळला, सगळ्यांनी पाणी प्यायले, तोवर निघाली. नंतर पाईप सायलेन्सरच्या बाजूने काढून दुसरीकडून फिरवला आणि मध्ये पत्रा लावला. त्यानंतर एवढा चढ अजून चढवलेला नाही, म्हणून यावर शेरा देत नाही.

नावडलेल्या गोष्टीही आहेत. किटमधला ॲक्सिलरेटर पंपाचा (पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणारा भाग) डायफ्राम उन्हाळा संपायच्या आत कडक झाला आणि तो जुना झटका परत आला. दुसरा टाकावा लागला. ॲव्हरेज जवळपास होते तेवढेच राहिले. आणि अस्सल सुटे भाग आटत चालले आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर टिकलेला सामानाचा बाजार आता आणखी आक्रसणार. ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार व्हायची, तिथल्याच भंगार बाजारात तिचे जुने अस्सल कार्बोरेटर शोधावे लागतात. मिळाला तर घेऊन ठेवा, खराब असला तरी.

बुशचे काम करून घेणार असाल तर लेथवाल्यासमोर उभे राहा. स्पिंडल बसवल्यावर दोन बोटांनी सहज फिरली पाहिजे आणि सोडल्यावर बटरफ्लाय आपली आपण मिटली पाहिजे. जरा जरी अडकत असेल तर तिथेच परत रीमर (भोक किंचित मोठे करणारे हत्यार) मारून घ्या, कारण बुश घट्ट झाला की चालत्या गाडीत रेस अडकते.