गंगापूर रोडचा ब्रेकअपवर लिहायचा वर्ग: जा, पण घाई करू नका

आधीच सांगतो, वर्ग मस्त आहे. ब्रेकअप होऊन थोडे महिने गेले असतील आणि तरी डोक्यात रोज तेच तेच फिरत असेल तर नक्की जा, पण कालपरवाच झालं असेल तर जरा थांबा, का ते खाली लिहिलंय.

वर्गाला नाव वगैरे काही नाही, एक ताई आहेत त्या घराच्या वरच्या मजल्यावर घेतात, चार रविवार, सकाळी 10 ते 12, फी 1500. वही-पेन आपलं, चहा त्यांचा. लॅपटॉप चालत नाही, मोबाईल दारातल्या टोपलीत ठेवायचा आणि दुसऱ्याने वाचलेलं बाहेर बोलायचं नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घेतात. हे मला फार आवडलं कारण नाशिक काय एवढं मोठं नाही, कॉलेज रोडला चार माणसं भेटली की त्यातली दोन ओळखीची निघतात.

पहिल्या रविवारी फक्त 15 मिनिटं न थांबता लिहायचं, शुद्धलेखन सोडा, खाडाखोड करायची नाही, कोणी वाचणार नाही. ही पद्धत जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, त्यांनी सँड्रा बीलसोबत कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज 15 मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगावर लिहायला लावलं होतं, त्यावरचा पेपर 1986 चा आहे. मनातलं आणि घडलेलं दोन्ही लिहिणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेली. लिहिल्या लिहिल्या मात्र त्यांना बरं नाही, उलट जास्त वाईट वाटलेलं. ताईंनी हे आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी मी जसा सुन्न होऊन खाली उतरलो तसा परत वर चढलोच नसतो.

खरा वर्ग दुसऱ्या रविवारपासून सुरू होतो. नुसतं मनातलं ओतून काढायचं नाही, त्याची गोष्ट करायची, सुरुवात, मध्य, शेवट असलेली. आणि "मी" च्या जागी "तो" किंवा "ती" लिहायचं. ऐकायला शाळेतला निबंध वाटतो पण बसल्यावर कळतं की सगळ्यात अवघड सुरुवात आहे. जवळजवळ सगळ्यांनी सुरुवात केली ती "त्या दिवशी ती म्हणाली" इथून, मी पण. ताई म्हणाल्या, जेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं तिथून सुरू करा. मग मी मागे मागे जात नाशिकरोड स्टेशनवर पोचलो, तिला मुंबईत नोकरी लागली तेव्हा सोमवारी सकाळी पंचवटी एक्सप्रेसला सोडायला जायचो तिथे, आणि लिहिता लिहिता असं दिसलं की तेव्हा ती गाडीतून अख्ख्या डब्याची गंमत सांगायची, कोण कुठे बसलं, कोणाशी भांडण झालं, आणि नंतर कधीतरी हे सांगणं हळूहळू बंद झालं, भांडण एकही न होता. इतके महिने मी फक्त शेवटचा फोन घोकत होतो, त्या फोनमध्ये काय बोललो, काय बोलायला हवं होतं. गोष्ट कुठून सुरू होते हे ठरवलं की कारणसुद्धा बदलतं, आणि हे नुसता विचार करून कळत नाही हो, कागदावर एकामागे एक मांडावं लागतं.

शेवटाचं पण तसंच. एकीने शेवट केला होता की तो एक दिवस फोन करून सगळं सांगेल. ताईंनी तिला फार हळुवारपणे सांगितलं, की शेवट आपल्याकडे जे आहे त्यातूनच करायचा, समोरच्याच्या उत्तरावर गोष्ट टांगून ठेवली तर ती कधीच संपत नाही. तिने तिथेच बसून परत लिहिलं, आणि वाचलं तेव्हा सगळा हॉल शांत.

आता थांबा का म्हणालो ते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डेव्हिड स्बारा यांच्या टीमने नवरा-बायको वेगळे झालेल्या लोकांवर हेच तपासलंय. 2013 च्या अभ्यासात जे लोक आधीच सारखं कारण शोधत बसणारे होते त्यांना भावना लिहून जास्त त्रास झाला, त्यापेक्षा रोजची साधी कामं लिहिणारे लवकर सावरले. आणि 2017 मध्ये गोष्टीच्या रूपात लिहिणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके काही महिन्यांनी साधं लिहिणाऱ्यांपेक्षा कमी, म्हणजे शरीरावरचा ताण कमी दिसला. ते लग्न मोडलेले लोक होते, आपल्यासारख्या सगळ्यांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण मला स्वतःला हा फरक पटला. रात्री दोन वाजता डायरीत "का? का?" लिहिणं वेगळं आणि गोष्ट लिहिणं वेगळं. ताजी जखम असेल तर पहिलंच होतं.

न आवडलेलं पण लिहितो. बॅचमध्ये बारा जण घेतात, खूप होतात, शेवटच्या दोन-तीन जणांचं वाचन घाईत उरकतं आणि ज्याने एवढं काळीज काढून लिहिलंय त्याला पाच मिनिटं पण मिळत नाहीत हे बरोबर नाही. आठच घ्या, फी वाढवा पाहिजे तर. तिसऱ्या रविवारी जे प्रश्नांचे कागद वाटतात ते इंग्लिशमध्ये आहेत, सिन्नरहून येणारा एक मुलगा त्यावर अडला, मराठीत करायला काय हरकत आहे. आणि पत्र लिहून फाडून टाकायचा प्रकार होता त्याने मला तरी काही झालं नाही. काहींना फार मोकळं वाटलं म्हणे.

घरी लिहायला एकांत नसेल तर काळजी नको, गृहपाठ छोटा असतो, मी कंपनीच्या कँटीनमध्ये सेकंड शिफ्टच्या ब्रेकमध्ये लिहायचो.

अजून एक, आणि हे मनापासून. ताई समुपदेशक नाहीत, त्या स्वतःच तसं सांगतात. झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, जगूच नये असं वाटत असेल तर वर्गाची वाट बघू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे 14416, कधीही लावा, फुकट आहे, मराठीतही बोलतात. आमच्या बॅचमधल्या एकाला ताईंनीच आधी तिकडे फोन करायला लावला आणि त्याची फी पुढच्या बॅचसाठी ठेवली.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. खाली गल्ली अरुंद आहे, चारचाकी नेऊ नका, आणि वही जाड घ्या, शंभर पानी पुरत नाही.