फ्लायव्हीलवरची खडूची खूण : बी.एस्सी.च्या पहिल्या सत्राचा अनुभव

जुलैत पुण्यात आले, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा घेतली आणि फिजिक्सला प्रवेश घेतला. आता डिसेंबर, पहिल्या सत्राची परीक्षा उरकली. पुढच्या वर्षी गावाकडून येणाऱ्यांसाठी लिहितेय. कॉलेजचं नाव देत नाही. दुसऱ्या कॉलेजांतल्या मैत्रिणी सांगतात तेही फार वेगळं नाही.

माझी मुख्य तक्रार तासांबद्दल आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या मेकॅनिक्सला ३०. त्यातले बहुतेक तास उतरवून घेण्यात गेले. स्लाइड लागते, सर वाचतात, आम्ही लिहितो. त्याच नोट्स झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंग करून मिळतात, त्यामुळे अर्धा वर्ग फक्त ७५ टक्के हजेरीसाठी, डिफॉल्टर लिस्टच्या धाकाने बसलेला. मी एकदा विचारलं, चाक तेच, वजन तेच, मग आस बदलला की मोमेंट ऑफ इनर्शिया (चाक फिरवणं किंवा थांबवणं किती जड जातं, त्याचं माप) का बदलतो? "पुढे येईल, आधी लिहून घ्या." ते पुढे आलंच नाही. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून. वर्गात हात वर करायला मला किती बळ गोळा करावं लागलं होतं, ते मलाच माहीत.

सरांवर राग नाही. ते तासिका तत्त्वावर आहेत, आमचा तास संपवून दुसऱ्या कॉलेजात धावतात, आणि पोर्शन संपला नाही तर बोलणी त्यांनाच बसतात.

प्रॅक्टिकलमध्ये मात्र एक गोष्ट घडली. फ्लायव्हीलचा, म्हणजे आसावर फिरणाऱ्या जड चाकाचा, मोमेंट ऑफ इनर्शिया काढायचा प्रयोग होता. आसाला दोरी गुंडाळायची, टोकाला वजन, ते खाली येताना चाक फिरवतं, मग दोरी सुटते आणि चाक आपोआप थांबेपर्यंत फेरे मोजायचे. एका यंत्रावर आम्ही पाच जणी. सूत्रात एन-वन (वजन खाली येतानाचे फेरे) भागिले एन-टू (दोरी सुटल्यावर थांबेपर्यंतचे फेरे) येतं, ते सगळ्यांनी जर्नलमध्ये जसंच्या तसं उतरवलं होतं. आमचे फेरे मोजताना चुकत होते, तेव्हा लॅबमधल्या मामांनी चाकाच्या कडेला खडूने खूण केली आणि सहज विचारलं, "वजन तर पडलं. मग आता चाकाला थांबवतंय कोण?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी खोलीवर वही घेऊन बसले तेव्हा उलगडलं. थांबवतं ते बेअरिंगमधलं घर्षण. दोरी सुटली त्या क्षणी चाकात जेवढी ऊर्जा होती, ती सगळी पुढच्या एन-टू फेऱ्यांत घर्षणाने खाल्ली. म्हणजे दर फेऱ्याला किती, ते कळलं. आता तेवढीच दर फेऱ्याला, वजन खाली येतानाच्या एन-वन फेऱ्यांतही गेली असणार. म्हणून तो भागाकार! पाच महिन्यांत इतका आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, मात्र फक्त व्याख्या विचारली.

नंतर वाचनात आलं की हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून वर्गात असंच करू लागले. त्यांचे विद्यार्थी पुस्तकातली गणितं सोडवत, पण बलाच्या साध्या प्रश्नाला अडखळत. मग ते तासात मध्ये-मध्ये प्रश्न टाकू लागले; आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं. तेही मोठ्या वर्गात. आमचे १२० जण आहेत म्हणून ते जमणार नाही, हे मला पटत नाही. तासातली शेवटची दहा मिनिटं दिली तरी पुरतील.

नव्याने येणाऱ्यांनो, नोट्स झेरॉक्स करूनच घ्या, तास उतरवण्यात घालवू नका. पाठ्यपुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत, ती थांबवून थांबवून बघा. प्रयोगाच्या आदल्या रात्री सूत्रातलं प्रत्येक अक्षर कुठून आलं ते मैत्रिणीला समजावून बघा. जिथे जीभ अडेल तेच सरांना विचारा.

आस बदलण्याचा माझा प्रश्न अजून बाकी आहे. दुसरं सत्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात, सर पुढच्या कॉलेजला निघायच्या आत, जिन्यात गाठून विचारणार आहे.