पाटी कोरी नसते हे कळायला लागलं

मी वैमानिकांची वैद्यकीय तपासणी करणारी डॉक्टर. युरोपातल्या हवाई सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे 'ईआसा'च्या, सामाईक वैद्यकीय नोंदवहीबद्दल वापरून झाल्यावरचं मत लिहिते आहे.

आधीची गंमत अशी, की एका देशात 'अपात्र' शेरा मिळाला तर माणूस दुसऱ्या देशात जाऊन कोऱ्या पाटीनं अर्ज करू शकायचा. अर्जात 'पूर्वी नाकारलं होतं का?' असा प्रश्न असतो, पण खरं उत्तर देणं त्याच्याच हातात. 24 मार्च 2015 ला जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीचं विमान सहवैमानिकानं आल्प्समध्ये मुद्दाम पाडलं, 150 जण गेले. त्यानंतर नेमलेल्या कृतिदलाच्या शिफारशींत ही नोंदवही होती.

तिच्यात आजाराचा तपशील नाही, रक्ताचे अहवाल नाहीत. प्रथम श्रेणीचं, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारं, वैद्यकीय प्रमाणपत्र कधी दिलं, कधी संपतं, सध्या काय स्थितीत आहे, एवढंच. मला हे पटतं. सगळं उघडं पडणार म्हटलं तर वैमानिक नैराश्याचं नावही काढणार नाही.

तक्रार आहे ती नोंदी भरणाऱ्यांबद्दल. एकदा एका तपासणी केंद्रानं नोंद अद्ययावतच केली नव्हती, समोरचा वैमानिक ताटकळला आणि फोन करण्यात माझी दुपार गेली. आणखी एक: कंपनीला न कळवता खाजगी डॉक्टरकडे घेतलेले उपचार यात दिसत नाहीत, आणि जर्मनविंग्जच्या प्रकरणात नेमकं तेच लपलेलं होतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या दुपारचा कापलाय.